राऊतनानांचा भाव

राऊतनानांना गाडी चालवता येत नव्हती. हे मला कळलं तेव्हा आमच्या ओळखीला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत त्यांनी भाव ठरवलेल्या प्रत्येक गाडीचं पत्र मी माझ्या हातानं टाइप केलं होतं.

"नाना, म्हणजे हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं की!" मी म्हटलं.

"केळीचा भाव सांगणाऱ्याला केळीच्या झाडावर चढता यावं लागतं का, सावंतबाय?"

मला ते पटलंच. केळीच्या झाडावर कुणीच चढत नाही, हे ध्यानात यायला मला आचोळ्याला घरी पोचावं लागलं. मी मूळची मालवणची, झाड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे माडच येतो. नानांना ते ठाऊक होतं.

मुंबईतल्या एका विमा कंपनीच्या मोटार खात्यात मी टायपिस्ट होते. नाना आमच्याकडचे सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान किती झालं ते पाहून कागद देणं हे त्यांचं रोजचं काम, पण साहेबमंडळी त्यांना मानायची ती वेगळ्याच कारणासाठी. नव्या गाडीचा भाव शोरूममध्ये मिळतो, जुनीचा कुठलाही गॅरेजवाला सांगतो. पण कधीकाळी कुठल्याशा वकिलातीबरोबर इथे आलेली, लिलावात निघालेली, तीन मालक बघितलेली आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी विम्याला आली की तिची किंमत काय धरायची? मग साहेब म्हणायचे, "वसईला निरोप द्या." दुसऱ्या दिवशी नाना हजर. सव्वापाच फूट उंची, पांढरा हाफशर्ट, पँटला सायकलची क्लिप तशीच अडकवलेली. खिशात शिसपेन्सिल, पातळ कागद आणि जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, रुमालात गुंडाळलेलं.

ते लोहचुंबक गाडीच्या अंगावरून सावकाश फिरायचं. पत्र्याला ते चिकटतं, पोचा बुजवायला भरलेल्या लांबीला चिकटत नाही. मलबार हिलवरच्या एका बंगल्यात साहेबांबरोबर मीही गेले होते. तिथली इम्पाला आरशासारखी चकचकीत, मालकीणबाई तिच्याशेजारी ऐटीत उभ्या. नानांचं लोहचुंबक दारापर्यंत नीट आलं आणि तिथून टपकन खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. नाना बाईंना अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाईसाहेब, ही इथे एकदा चांगलीच आपटलीय." बाईंचा चेहरा उतरला. गाडी मुलानं ठोकली होती आणि आईला न सांगता दुरुस्त करून घेतली होती, हे आम्ही तिथे असतानाच बाहेर आलं. नानांना त्या मुलाचीच जास्त काळजी वाटली. "मी दाराचं बोललो नसतो," परतताना ते म्हणाले, "पण भाव दारासकट सांगायचा असतो."

त्या बंगल्यात चांदीच्या ट्रेमधून चहा आला होता. नानांनी तो घेतला नाही. हा त्यांचा नेम. भाव सांगेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याचा माल चांगला दिसायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा भाव सांगून झाला की मग दोन कप चहा घ्यायचे, आणि तोही बशीत ओतून, फुर्र आवाज करत. दुसरा नेम असा की, जिचा भाव सांगायचा त्या गाडीत बसायचं नाही. "बसलं की माया लागते. माया लागली की भाव चुकतो." आणि तिसरा नेम हा खरं तर नेम नव्हता, त्यांच्या घराण्याचा तोराच होता. राऊतांनी एकदा सांगितलेला भाव बदलत नाही.

हा तोरा आजोबांपासून आलेला. वसईतल्या त्यांच्या सांडोर गावच्या आसपासच्या वाड्यांमध्ये व्यापारी केळीची बाग उभीच्या उभी घ्यायचे, आणि मालक न् व्यापारी दोघांच्या मधला माणूस म्हणून भाव सांगायला नानांच्या आजोबांना बोलावत. आजोबा बागेतून एक चक्कर मारत, दोन-चार घडांना हात लावत आणि आकडा सांगत. एकदा आकडा सांगितला आणि त्याच रात्री वारा सुटून अर्धी बाग आडवी झाली. सकाळी व्यापारी भाव कमी करायला आला. आजोबा म्हणाले, "भाव काल सांगितला. वाऱ्याला विचारून सांगितला नव्हता." ही गोष्ट नानांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटच्या वाक्याला ते स्वतःच खूश होऊन हसायचे.

निवृत्तीचं वय झाल्यावर त्यांनी कंपनीचं काम सोडलं, मग गाड्याच त्यांच्याकडे यायला लागल्या, आणि पत्रं टाइप करायला सुट्टीच्या दिवशी मीही. वाडीतल्या वाटेवर, दोन्ही बाजूंनी केळीची पानं घासून घेत, एखादी अजस्र अमेरिकन गाडी हळूहळू पुढे सरकायची आणि तिच्यापुढे नाना सायकलवरून वाट दाखवत चालायचे. आपली मतं ते वाडीतल्याच भाषेत मांडत. इंजिन चालू करायला लावून बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पिकलेली नाही, पिकवलेली आहे." म्हणजे रंगरंगोटी करून विकायला काढलेली.

जूचंद्रच्या एका पाटलाची गाडी तर मी जन्मात विसरणार नाही. लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायला त्यानं उघड्या टपाची इम्पाला घेतली होती. नानांनी गाडीभोवती फेरी मारली, एका चांगल्या जाड माणसाला मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावायला सांगितलं. दार लागेना. माणूस उतरल्यावर लागलं.

"पाटील, हिचं छप्पर कुणी कापलं?"

"कापलं नाय नाना, अशीच हाय ती. अमेरिकेतनं अशीच आलीय. पावसाचं पानी पन आत येत नाय बघा!"

"छप्पर कापलं की गाडीची कंबर जाते. बसणारा जड असला की मधेच वाकते. नवरा-नवरीला वर बसवाल आणि दार उघडायचं नाही. मग नवरीला काय वरून उचलून काढणार?"

पाटील आधी चिडला, मग इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. नानांचं पत्र दाखवून त्यानं ती गाडी विकणाऱ्याला परत केली, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात नानांना पहिल्या पंगतीला बसवलं.

पण नानांचा जीव होता तो पैलवानांवर. सत्तर सालाच्या आसपास अमेरिकेत तरुणांसाठी काढलेल्या, आटोपशीर अंगात मोठं इंजिन ठासून भरलेल्या गाड्या. तिकडे त्यांना मसल कार म्हणतात, नाना पैलवान म्हणायचे. आपल्याकडे अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. "म्हाताऱ्या पैलवानाचे दंड बघून काही कळत नाही," ते सांगायचे, "दंड सगळ्यांचेच सुटतात. कान बघायचे. खऱ्या पैलवानाचे कान आखाड्यात मोडलेले असतात, ते खोटे करता येत नाहीत." गाडीचा कान म्हणजे नंबर. सांगाड्यावर एक नंबर असतो, त्याचेच शेवटचे आकडे इंजिनावर ठोकलेले असतात. दोन्ही जुळले तर ती जोडी कारखान्यातूनच एकत्र निघालेली, मग भाव वर. मध्येच कुणी दुसरं इंजिन बसवलं असेल तर भाव निम्म्याखाली. नाना नंबरावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासायचे, की आकडे कागदावर उठायचे. असे हजारो कागद त्यांनी बिस्किटांच्या डब्यांत तारीखवार जपले होते.

आता इनासमामाच्या गाडीचं सांगते, कारण नाना आठवले की ती आठवतेच.

इनासमामा नानांचा शेजारी. मधे फक्त जास्वंदीचं कुंपण. मुंबईत एका शेठकडे तो पंचवीस वर्षं ड्रायव्हर होता, आणि शेठ वारल्यावर शेठाणीनं शेठची लाडकी मस्टँग कागदपत्रांसकट त्यालाच देऊन टाकली. निळी, पाठ उतरती असलेली. पेट्रोल पिण्यात तिचा हात कुणी धरला नसता, म्हणून मामानं ती गवताच्या खोपटात ठेवली आणि दर रविवारी चर्चहून आल्यावर पुसली. मामा गेला तेव्हा त्याची बायको जस्टिनबाय हिनं नानांना भाव विचारला. दळवी नावाचा मुंबईचा व्यापारी गाडी मागत होता. ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली. नानांनी नेहमीप्रमाणे सगळं पाहिलं, नंबर उतरवून घेतले आणि तोंड पाडून सांगितलं, "जस्टिन, इंजिन नंतर बसवलंय. पंच्याहत्तर हजार." तसं पत्र दिलं. टाइप अर्थातच मी केलं. त्याची एक प्रत दळवीनं नेली.

जस्टिनबायनं गाडी दिली नाही. "पंचाहत्तर हजारात इनासचा जीव कशाला विकू? ऱ्हाऊ दे कोंबड्यांना." आणि खरंच कोंबड्या राहायला गेल्या.

सात-आठ वर्षं गेली, दळवी अधूनमधून विचारत राहिला. जस्टिनबायची मुलगी शीला आखातात नर्स होती. तिला परत यायचं होतं, पण आईच्या दीड खोलीच्या घरात नवरा आणि दोन मुलं घेऊन राहायचं कुठे? जस्टिनबायनं ठरवलं, गाडी विकायची आणि दोन खोल्या चढवायच्या. दळवीला निरोप गेला. तो पुढच्या रविवारी येणार होता.

त्याच सुमारास शीला सुट्टीवर आली आणि येताना नानांसाठी एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. पैलवान गाड्यांवरचंच, चित्रांसकट. नानांनी ते दोन दिवसांत वाचून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सांडोरहून सायकल मारत आचोळ्याला माझ्या दारात. माझ्या घरी ते तोवर कधीच आले नव्हते. कॅरिअरला बिस्किटांचा डबा बांधलेला. माझ्या नवऱ्यानं पाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा प्यायलं, आणि इतक्या घाईनं काही पिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला त्या पाणी पिण्याचीच भीती वाटली.

त्यांनी इनासमामाच्या गाडीचा कागद काढला आणि पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवलं.

"मी इंजिनाच्या पोटावरचा नंबर घेतला. ओतीव काम करताना साच्यात येतो, तो. तो साच्याचा नंबर, गाडीचा नाहीच. गाडीचा नंबर मागे असतो, गिअरबॉक्सच्या वर, ग्रीसच्या ओंगणाखाली. मी तिथे बघितलंच नाही." मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "दंडावरचा तीळ बघून कान सांगितला."

मी मनानं फार थोर नाही. मी म्हटलं, "नाना, हे आता कुणाला कळणार आहे? जस्टिनबायला माहीत नाही, दळवीला माहीत नाही."

"दळवीला माहीत असणार. नाहीतर सात वर्षं कशाला मागे लागला असता?" ते म्हणाले, "आणि इनासला माहीत होतं. मी इंजिन बदललंय म्हटलं तेव्हा जस्टिन म्हणाली होती, इनासनं तर कधी बदललं नाय. मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय गाडीतलं."

त्यांनी कागद परत डब्यात घातला आणि झाकण दोनदा दाबलं. 

रविवारी मीही सांडोरला गेले. खोपटात टॉर्च धरायला माणूस हवा, असं नाना म्हणाले. खरं म्हणजे त्यांना एकट्यानं जायचं नव्हतं. दळवी ठरल्या वेळी आला, सोन्याची साखळी, हसरा चेहरा, बोलायला गोड. जस्टिनबायनं खोपटाचं दार उघडलं. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"तिला उठवायचं नाय हां," जस्टिनबायनं आधीच बजावलं. "अठरावा दिस हाय."

"राहू दे तिला. कोंबडीचा भाव वेगळा लावू," दळवी म्हणाला, आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "मावशी, नानांचंच पत्र आहे. पंच्याहत्तर हजार. मी वरती दहा देतो, इतकी वर्षं झाली म्हणून."

जस्टिनबाय ट्रेमध्ये चहा घेऊन आली होती. नानांनी हातानंच थांब म्हटलं.

"दळवी, तो कागद चुकलाय. पुस्तक वाचल्यावर कळलं."

"नाना, सही तुमची आहे."

"सही माझीच आहे. चूकही माझीच."

"असं कसं चालेल?" दळवी अजून हसत होता. "अख्ख्या मुंबईला तुम्ही सांगता, राऊतांचा भाव बदलत नाही. मी त्याच भरवशावर आलोय. आता तुम्हीच शब्द फिरवणार?"

कुंपणाशी दोन-तीन शेजारी उभे होते, त्यांनाही ते ऐकू गेलं. मी नानांकडे पाहिलं. आयुष्यभर मिरवलेली एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती आणि ती त्यांना भर चव्हाट्यावर खाली ठेवायची होती.

"बदलला," नाना म्हणाले. "आज बदलला. आण तो कागद."

कागद बॉनेटवर ठेवून त्यांनी त्यावर आडवं लिहिलं, 'हा भाव चुकीचा आहे', आणि खाली सही केली. मग पासष्टी ओलांडलेला तो माणूस घासलेटाची बाटली आणि दात घासायचा ब्रश घेऊन बॉनेटखाली कमरेपर्यंत घुसला. मी पदर खोचून टॉर्च धरला. ओंगण, माती, पिसं, कोंबड्यांची घाण, सगळं खरवडून निघालं. अर्ध्या तासानं त्यांनी पातळ कागद आत नेला. पेन्सिल घासल्याचा आवाज मला ऐकू आला. कागद बाहेर आला तेव्हा त्यांनी तो आधी जस्टिनबायच्या हातात दिला.

"वाच. शेवटचे सहा."

जस्टिनबाय एक एक आकडा मोठ्यानं वाचत गेली आणि मी दाराच्या चौकटीतल्या पट्टीवरचा सांगाड्याचा नंबर बघत गेले. सहाच्या सहा जुळले.

"इनासनं इंजिन बदललं नव्हतं," नाना म्हणाले. "तू बरोबर होतीस. मी तुला गप्प केलं. मला माफ कर."

जस्टिनबायनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "अरे नाना, तू तवा बरोबर सांगितला असतास तर मी तवाच दिली असती, नि पैसे कवाच उडून गेले असते. जाऊ दे. आता भाव सांग, चा निवतोय."

नानांनी दळवीकडे वळून भाव सांगितला. साडेपाच लाख. दळवीनं पुढे घासाघीस केली नाही. त्यालाही ठाऊक होतंच. त्यानं फक्त मान हलवली आणि म्हणाला, "नाना, तुम्ही ह्या वयात वाचायला नको होतं." मग तोही हसला, नानाही हसले. जस्टिनबायनं एकच अट घातली, गाडी ज्याच्याकडे जाईल त्यानं ती चालती झाल्यावर एकदा सांडोरला आणून दाखवायची. आणि न्यायची ती पिल्लं निघाल्यावर. नानांनी चहाचे तीन कप घेतले, तिन्ही बशीतून.

त्यानंतर नानांनी भाव सांगणं बंद केलं. डबे उघडून त्यांनी चार महिने एकेक कागद पुस्तकाशी ताडून पाहिला, आणखी कुणावर अन्याय झालाय का ते. चूक दुसरी सापडली नाही. मी म्हटलं, आता तरी समाधान झालं ना? ते म्हणाले, "समाधान झालं, पण तोरा गेला. बरं वाटतं. तोरा फार जड असतो गं." केळी बघण्यात त्यांचे दिवस छान जात होते. मला दर खेपेला ते वाळक्या पानात बांधलेली सुकेळी द्यायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जस्टिनबायच्या नव्या खोल्यांना फादरांनी आशीर्वाद दिला त्या दिवशी. शीला मुलांसकट कायमची परत आली होती. जेवणं चालू असताना वाटेवरून घुमणारा आवाज आला आणि केळीच्या पानांमधून निळी मस्टँग बाहेर आली. नव्या मालकानं शब्द पाळला होता. जस्टिनबाय आधी मागे बसली, जिथे कोंबडी बसायची तिथेच. मग तिनं हाक मारली, "नाना, बस रे पुढं!"

नाना सायकल धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता कुठे भाव सांगायचाय?" मी म्हटलं.

त्यांनी सायकल माझ्या हातात दिली, चपला काढल्या, एकमेकींवर आपटून झटकल्या, आणि त्या मांडीवर घेऊन आयुष्यात पहिल्यांदा एका पैलवानात बसले. गाडी निघाली. दोन्ही बाजूंची पानं तिच्यावरून सरकत गेली आणि आवाज लांब, चर्चच्या दिशेनं गेला.

अर्ध्या तासानं ते परत आले. नाना उतरले, चपला घातल्या, माझ्याकडून सायकल घेतली. चेहरा नुसता फुललेला.

"कशी आहे?" मी विचारलं.

नानांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि सवयीनं डोळे मिटले.

"सावंतबाय," ते म्हणाले, "त्या दिवशीसुद्धा मी कमीच सांगितला."